वायुसाधक

निवृत्तीनंतर गाडी उन्हात काढून पार्किंगच्या जागी कामाचे टेबल मांडणारा जो गृहस्थवर्ग पुण्याच्या बंगल्यांत आणि रो-हाउसांत आढळतो, त्यातील एअर कॉम्प्रेसर घेऊ पाहणाऱ्या पोटजातीला सोयीसाठी ‘वायुसाधक’ म्हणता येईल. या साधनेचे मूळ बहुधा घराच्या गंजलेल्या फाटकात असते. ब्रशने रंगवल्यास त्यावर केसांचे ओरखडे उमटतात म्हणून स्प्रे गन हवी, आणि गन म्हटली की तिला हवा पुरवणारे यंत्र हवे, अशा बिनतोड तर्काने साधक फाटकापासून हळूहळू दूर जाऊ लागतो.

पहिल्या अवस्थेत तो केवळ अश्वशक्ती आणि टाकीचे लिटर पाहतो. दुसऱ्या अवस्थेत त्याला उमगते की पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप असून सीएफएम, म्हणजे दर मिनिटाला मिळणारे घनफूट, हे तिच्या पुरवठ्याचे माप आहे, आणि नळाला जोर असला म्हणून बादली लवकर भरतेच असे नाही. या साक्षात्कारानंतर तो लग्नाच्या पंगतीतही शेजाऱ्याला मठ्ठा गार होईपर्यंत नव्हे, तर गरम होईपर्यंत हिशेब समजावतो: ५० लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरली आणि गनला किमान ३ बार लागतात असे धरले, तर मधल्या ५ बारांत मोकळ्या हवेच्या मापाने २५० लिटर हाती येतात, ८ सीएफएमची गन मिनिटाला सुमारे २२७ लिटर पिते, सबब टाकीच्या भरवशावर फाटकाची जेमतेम एक पट्टी रंगते आणि पुढची सारी भिस्त पंपावर राहते.

दुकानदाराच्या लेखी हा ग्राहक अवघड असतो, कारण ‘काका, काम काय करायचंय?’ या साध्या प्रश्नाला बगल देऊन तो उलट विचारतो, ‘हा आकडा डिस्प्लेसमेंटचा की एफएडीचा?’ डिस्प्लेसमेंट म्हणजे पिस्टनने कागदोपत्री रेटलेली हवा आणि एफएडी म्हणजे प्रत्यक्ष बाहेर पडणारी, अर्थातच कमी भरणारी हवा. निवृत्तिवेतनाच्या हिशेबात मुरलेल्या माणसाला मंजूर रक्कम आणि हाती येणारी रक्कम यांतला हा फरक चटकन कळतो. पोऱ्या मालकाकडे पाहतो, मालक पंख्याकडे पाहतो, आणि साधक विजयी मुद्रेने, काहीही न घेता, घरी परततो.

तिसरी अवस्था द्वंद्वाची असते. तेलाचे यंत्र टिकाऊ खरे, पण तेलाचा अंश हवेतून रंगात उतरला की पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात; बिनतेलाचे यंत्र दंतवैद्याकडे चालते, पण तेथे फाटके रंगवली जात नाहीत. या विवंचनेत दोन पावसाळे सरतात. अखेर दिवाळीच्या तोंडावर घरातील मंडळी एका रंगाऱ्याला बोलावतात आणि तो अर्ध्या दिवसात, ब्रशने, ओरखड्यांसह, फाटक रंगवून चहा पिऊन निघून जातो.

पुढच्याच आठवड्यात कॉम्प्रेसर येतो. निर्णयाला आता कोणत्याही कामाचा अडसर उरलेला नसतो. २ अश्वशक्तीच्या त्या यंत्राने स्कूटरची चाके आणि आळीतील मुलांच्या सायकली भरल्या जातात, आणि प्रत्येक मुलाला हवेबरोबर दाब व पुरवठा यांतील भेदही मिळतो. दमट हवेतील बाष्प टाकीत पाणी होऊन साचते आणि वेळीच न काढल्यास टाकी आतून गंजते, म्हणून रोज तिन्हीसांजेला साधक खाली वाकून ड्रेन कॉक उघडतो. फुस्स आवाज होतो, आणि तांबूस पाण्याची एक ओळ उतारावरून निघून नव्या रंगाच्या फाटकापाशी जाऊन थांबते.