फक्त नेक हवा होता

इलेक्ट्रिक गिटारचा नेक, म्हणजे डाव्या हाताने धरायचा दांडा, बॉडीला चार स्क्रूंनी बसवलेला असतो. सगळ्याच गिटारींचा नाही, पण बाजारातल्या बऱ्याच गिटारी ज्या घडणीच्या नकला आहेत, तिचा तरी असतो. लिओ फेंडर यांनी १९५० साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावातून ती घडण बाजारात आणली. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण बंद पडलेलं यंत्र बगलेत धरून दुकानात येणाऱ्या माणसाची अडचण त्यांना चांगली ठाऊक होती. नेक झिजला की चार स्क्रू काढायचे, दुसरा नेक लावायचा आणि संध्याकाळी कार्यक्रमाला जायचं, इतका सरळ त्यांचा विचार. त्याआधी नेक बहुतेक सरसाने चिकटवत. तो बदलायचा तर वाद्य कारागिराकडे टाकून यावं लागे.

माझ्या गिटारलाही तेच चार स्क्रू आहेत. ते काढायला लागतो तो पेचकस आमच्या गावात, जानेफळात, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नेक मिळत नाही. जानेफळात मिळावा अशी माझी अपेक्षाही नाही, पण तो नागपुरात नाही, छत्रपती संभाजीनगरात नाही, अकोल्यात तर विचारल्यावर दुकानदाराने मला पूर्ण गिटारच दाखवायला घेतली. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, “भाऊ, नेकचं काई होत नाई, नवी घ्या.”

माझी गिटार कोलकात्याच्या बनावटीची आहे. एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रातून ती माझ्याकडे आली, तेव्हाच जुनी होती. भीमजयंतीचे कार्यक्रम, लग्नं, गणपती, सगळं तिच्यावरच झालं. उजवा हात टेकतो तिथला रंग उडून खालचं लाकूड दिसतं आणि ते घामाने काळपट, गुळगुळीत झालं आहे. दुसऱ्या फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीपासून, पाचव्यापर्यंत बारीक तारांखाली खोबणी पडल्या आहेत, नखाने चाचपल्या तर लागतात. भीमगीताच्या साथीत मी बहुतेक वेळ त्याच चार फ्रेटांत असतो, म्हणून त्या तिथे आहेत. आता नेक पिळला आहे. आतल्या लोखंडी सळईचा, ट्रस रॉडचा, नट घासून गेला आहे. तो फिरतो, पण काही धरत नाही. सातव्या फ्रेटवर तार ओढली की सूर मध्येच मरतो. बॉडी ठणठणीत, पिकअप ठणठणीत, फक्त नेक गेला. अशा वेळी अख्खं वाद्य टाकून द्या म्हणणं मला पटत नाही आणि पटणारही नाही.

दुरुस्तीची वाट बंद आहे म्हणून निवडीकडे वळावं लागलं. मोठ्या शहरातल्या दुकानात गिटारी भिंतीवर छताजवळ टांगलेल्या असतात. त्या काढायला काठी लागते आणि काठी दुकानदाराच्या हातात असते. “घ्यायची असेल तर काढतो,” असं त्याने म्हटल्यावर माणसाने काय करावं? न धरता कशी सांगावी घ्यायची की नाही? आग्रह धरला तर एक खाली येते. तारा गंजलेल्या, सूर लावलेला नाही, अॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, इतकी जास्त की बोट दाबताना दुखतं. अॅम्प्लिफायर मागितला तर तो खोक्यात आहे. इलेक्ट्रिक गिटार वायर न जोडता वाजवून बघा, असं मला अनेक ठिकाणी सांगितलं गेलं. वायर न जोडता तिचा लाकडाचा आवाज कळतो हे खरं आहे आणि तो मी ऐकतोही. पण लग्नात नवरीच्या मामाला तो आवाज ऐकू जाणार नाही. जॅक कुरकुरतो का, तीन पिकअपांमधला कुठला दबका आहे, व्हॉल्यूमची कळ अर्ध्यावर आणली की टोन बसतो का, हे सगळं वायर जोडल्याशिवाय कसं कळणार? एक अॅम्प्लिफायर दिवसभर चालू ठेवायला दुकानाला फार खर्च येत नाही. वीस-पंचवीस हजारांच्या वस्तूसाठी एवढं मागणं जास्त नाही.

मग सगळे सांगतात, ऑनलाइन बघा. तिथे गिटारीचा फोटो समोरून असतो, कधी दोन, कधी चार, बहुतेक समोरून. डाव्या हाताला गिटारीची मागची बाजू लागते. अंगठा तिथे बसतो, तळवा तिथे सरकतो, रात्रभर वाजवल्यावर मनगट दुखणार की नाही हे तिथे ठरतं. त्या बाजूचा फोटो नसतो आणि असला तर लांबून. मापांच्या जागी ‘सी शेप’ एवढं लिहिलेलं. सी जाड की बारीक? पहिल्या फ्रेटजवळ किती मिलिमीटर, बाराव्याजवळ किती? माझा जुना नेक जाड आहे, माझा पंजा त्या जाडीला सरावला आहे. दोन मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण हाताला तो लगेच कळतो. रंग मात्र डझनभर दिलेले असतात. रंगाला नावं असतात, जाडीला आकडा नसतो.

व्हिडिओ असतात, ते मी बघितले. वाजवणारे उत्तम आहेत आणि तीच अडचण आहे. चांगला वाजवणारा वाईट गिटारीतूनही चांगला सूर काढतो. त्याचा अॅम्प्लिफायर गिटारीच्या कितीतरी पट किमतीचा, खोली आवाजासाठी बांधलेली. आमची गिटार प्रोसेसरमधून सरळ मिक्सरला जाते आणि मिक्सरवरचा पोरगा ऑक्टोपॅड आणि गायकाचा माइक सांभाळत असतो. त्या वाटेने ही गिटार कशी लागेल, हे कुठलाच व्हिडिओ सांगत नाही.

लाकडाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यावर बोलणारं मला कोणी भेटलं नाही. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या गोतातल्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवान्याची अट लागली. परवडणाऱ्या गिटारींच्या फिंगरबोर्डवर तोवर बहुधा शिसव असे. कंपन्यांनी पर्याय शोधले आणि ‘इंडियन लॉरेल’ या नावाखाली ऐन पुढे आला. तयार वाद्यांपुरती ती अट नोव्हेंबर २०१९ मध्ये उठली, ऐन राहिला. ऐनाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मेळघाटात उभं राहणारं, उन्हाळे पचवणारं झाड आहे ते. तक्रार वाळवणीची आहे. इंडोनेशियातल्या किंवा चीनमधल्या दमट हवेत घडलेला नेक एप्रिलमध्ये इकडे येतो. गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवा, असं कंपन्याच सांगतात. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी ओला टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. अशा हवेत लाकूड आकसतं, फ्रेटचा धातू आकसत नाही, आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेने बाहेर येतात. हात वरून खाली सरकवला की ती कातड्याला ओरखडतात. ऐन कार्यक्रमांच्या दिवसांत बोटांच्या कडा सोलून निघतात. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणतो, पावसाळ्यात बसेल. भीमजयंती १४ एप्रिलला असते, बुद्धपौर्णिमा बहुतेक मे महिन्यात, लग्नं त्याच काळात. पावसाळ्यात बसणारी गिटार घेऊन मी पावसाळ्यापर्यंत काय करू? कारखान्यातून निघण्याआधी ती टोकं कानशीने गोल करून देणं अगदी थोड्या वेळाचं काम आहे. महागड्या गिटारींना ते करतात. स्वस्त गिटार घेणाऱ्यालाही कातडी असतेच.

पोहोचवण्याबद्दल थोडक्यात. मेहकर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, ट्रक रात्रंदिवस धावतात. तरी आमचा पिनकोड टाकला की कधी ‘सेवा उपलब्ध नाही’ येतं, कधी सामान मेहकरला येतं आणि तिथून घेऊन जा असा फोन येतो. खोकं उघडण्याआधी ओटीपी द्यावा लागतो. नेक वाकडा निघाला तर परत न्यायला माणूस येत नाही, कारण आणायची सेवा आहे पण न्यायची नाही. म्हणजे ज्या माणसाला हात लावून निवडता येत नाही, त्यालाच परत करताही येत नाही.

आणि शेवटी निवड ज्या गोष्टीवर येऊन थांबली, तिचा गिटारीशी संबंधच नाही. मला जुन्या गिटारीसारखे एकेरी कॉइलचे पिकअप हवे होते. त्यांचा सूर मोकळा असतो, दोन शब्दांमधल्या फटीत तार छेडली तर गायकाच्या आवाजावर चढत नाही. पण एकेरी कॉइल आजूबाजूच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर उचलते. मंडपात जनरेटर, लायटिंगची रोषणाई, डिमर, सगळं शेजारी असतं, आणि दोन गाण्यांच्या मधे निवेदक बोलायला लागला की ती घरघर सगळ्यांना ऐकू येते. त्यावर उपाय १९५५ पासून आहे. गिब्सन कंपनीतले सेथ लव्हर यांनी उलट्या वळणाच्या दोन कॉइल शेजारी बसवल्या, दोघींची घरघर एकमेकींना खाते. हाच तो हमबकर. सूर मात्र जाडसर होतो. मला तो सूर नको होता आणि मी तोच घेतो आहे, कारण आमच्या मंडपात दुसऱ्याला जागा नाही.

हमबकरने घरघर कमी होईल, शॉक नाही. मंडपातल्या जनरेटरला बहुधा अर्थिंग नसतं. गिटार एका बोर्डावर, माइक दुसऱ्या बोर्डावर. हात तारांवर असताना ओठ माइकला लागला की झटका बसतो. ओठ बधिर होतो आणि पुढची ओळ चुकते. वाजवणारे हे हसण्यावारी नेतात, मी नेत नाही. मे १९७२ मध्ये स्वान्सी इथे लेस हार्वे हा तरुण गिटारवादक भर कार्यक्रमात मंचावर असाच मेला: हात गिटारीवर आणि माइकला स्पर्श. तेव्हापासून इतकी वर्षं गेली आणि आम्ही माइकवर फडक्याचा बोळा बांधून गातो.

मंडपवाल्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “दादा, गड्डा कोन खंदते?” खड्डा मी खणतो. तांब्याचा किंवा जस्त चढवलेला रॉड, कोळसा, मीठ, वरून दोन बादल्या पाणी, आणि जाड वायर जनरेटरच्या बॉडीला. शेतातल्या बोअरच्या मोटारीला आम्ही हेच करतो, त्यासाठी कोणी तज्ज्ञ लागत नाही. मंडळाच्या वर्गणीत फुलांना, फटाक्यांना, बॅनरला पैसे निघतात, तर रॉडलाही निघाले पाहिजेत. येत्या गणपतीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे, आणि अर्थिंग झाल्याशिवाय वायर जोडणार नाही हेही सांगणार आहे.

जुनी गिटार मी विकलेली नाही. तिचे चार स्क्रू काढून तेलाचा हात फिरवून परत बसवले आहेत. नेकची मापं कागदावर लिहून ठेवली आहेत: टाचेची रुंदी, स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर, तारा टेकतात त्या वरच्या नटपासून ब्रिजपर्यंत साडेपंचवीस इंच. मोडलेल्या गिटारीचा सरळ नेक कोणाकडे पडून असेल तर मला हवा आहे. बॉडी नसली तरी चालेल.