वाघ, ससा आणि पानामागे 5 रुपये

15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, शाळांतून वाचन प्रेरणा दिन होतो. तिसरीतल्या आमच्या चिरंजीवांच्या दप्तरातून ती प्रेरणा घरीही आली आणि बळी मात्र माझा गेला. सोनपेठला माझं कृषी केंद्र आहे. दिवसभर माझं वाचन म्हणजे खताची पोती आणि उधारीची वही. त्यातच 'असर'च्या पाहणीची बातमी वाचली. ही मंडळी 2005 पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन पोरांना दुसरीचा मजकूर वाचायला देतात, आणि पाचवीतल्या कितीतरी पोरांना तो येत नाही. मी घाबरलो. रोज रात्री गोष्ट वाचून दाखवायची, असं जाहीर करून टाकलं.

पुस्तकाचा खर्च नव्हता. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय, जुने अंक मोबाइलवर फुकट मिळतात. गोष्टीत वाघ निघाला. आवाज काढून वाचलं की लेकरं रमतात, असं ऐकून होतो. मी वाघ काढला. नेमकी लाइट गेलेली. शेजारचे काका बॅटरी घेऊन दारात हजर, "काय झालं हो? सूनबाई बरी हाय ना?" बायकोनं तोंडाला पदर लावला. पोरगं त्याआधीच झोपलं होतं.

मग ठरलं, त्यानं वाचायचं आणि मी ऐकायचं. ऐकण्याचं काम मी फारच मन लावून केलं. जोडाक्षराला अडला की टोकायचो, स्वल्पविराम गिळला की मागे न्यायचो. ससा बिळातून बाहेर पडेपर्यंत म्हातारा झाला. पोरानं मोबाइल माझ्या हातात दिला, "बाबा, तुमीच वाचा."

शेवटी बक्षीस लावलं, पानामागे 5 रुपये. पोरगं दुकानदाराचंच. मोठ्ठं चित्र आणि खाली चार शब्द, अशी पानं हुडकून त्यानं बसल्या बैठकीला 40 रुपये काढले. वर उधारी चालणार नाही म्हणाला.

आई हे सगळं बघत होती. ती शाळेची पायरी चढलेली नाही. पण श्रावणात गल्लीत पोथी लागली की सगळ्यांच्या आधी जाऊन बसते. नातवाला म्हणाली, "मला वाचून दाव बाबा, मला कुठं येतंय." तो अडला की ती थांबायची, आणि वाक्य संपलं की "मंग?" म्हणायची. एकदा त्यानं 'कोल्हा'चं 'कोळसा' वाचलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं हातानंच गप्प केलं. "कोळसा कसा बोलंल रे?" पोरगं हसलं, मागं गेलं आणि आपलं आपणच कोल्ह्यापाशी पोचलं. पैसे मागायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

तुमच्या घरी अशी आजी असेल तर लेकराला पुस्तक देऊन तिच्यापुढं बसवा. आणि तुम्ही दुकानात जा.