तिटेचा लेअर

बाळ बघायला आलेला माणूस आधी बाळाकडे बघतो, मग 'अगदी बापावर गेलाय' म्हणतो आणि मग चहा घेतो. ह्या ताई आल्या आणि त्यांनी आधी खिडक्या बघितल्या. हॉलची, आतल्या खोलीची, बाल्कनीचं दार. पडदा दोनदा सरकवला. स्वतःचा तळहात काचेपाशी धरून उलटासुलटा केला. आईला वाटलं, ह्या फ्लॅट भाड्याने घ्यायला आल्यात.

"उत्तर कुठे आहे हो?" त्यांनी विचारलं.

"वास्तुशास्त्रवाल्या का?" बाबा माझ्या कानात म्हणाले.

नव्हत्या. ताई तान्ह्या बाळांचे फोटो काढतात. हिंजवडीच्या एका कंपनीत सात वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, स्वतःचं मूल झालं, त्याचे फोटो मनासारखे आले नाहीत, नोकरी सोडली आणि कॅमेरा घेतला. पुण्यात आता दर दोन सोसायट्यांआड अशी एक ताई सापडते. दोष हुडकायची सवय सुटलेली नसते, फक्त आता ते घरात हुडकले जातात. आमच्या घरात पहिल्या पाच मिनिटांत तीन सापडले. हॉलमध्ये पूर्वेचं ऊन थेट येतं, ते कडक. आतल्या खोलीची भिंत पिस्ता रंगाची, ती बाळाच्या गालावर हिरवी उमटणार. आणि ट्यूबलाइट. ती आधी बंद करा.

बाबांनी आयुष्यभर आमच्या मागे फिरून दिवे बंद केले. त्या दिवशी पहिल्यांदा ते मागे फिरून दिवे लावत होते. "अंधारात कसले फोटो काढता? पैसे देतोय ना आपण?" फीचा आकडा आम्ही त्यांना निम्मा करून सांगितला होता, तरी त्यात चांदीचे वाळे आले असते हे आईने दोनदा ऐकवलं होतं.

उत्तरेची खिडकी अखेर स्वयंपाकघरात निघाली. डिसेंबरात तिथे थेट ऊन येतच नाही, दिवसभर नुसता मऊ उजेड. त्यामुळे माझ्या भाच्याचं पहिलं छायाचित्र सिलिंडर आणि पिठाचा डबा यांच्यामधल्या फरशीवर गादी घालून निघालं. फोटोत ती जागा एखाद्या युरोपातल्या हवेलीसारखी दिसते. सिलिंडर अर्ध्या फुटावर आहे हे आम्हालाच माहीत.

आईची मुख्य हरकत खिडकीला होती. बाळंतिणीच्या घरात खिडकी उघडायची म्हणजे काय? वारा लागेल. ताई म्हणाल्या, "काच बंदच राहू दे आजी. मला वारा नको, उजेड हवाय." वर एक पांढरी जुनी चादर मागून घेतली आणि काचेवर लावली. आई जरा नरमली. वारा नको म्हणणारी तरुण बाई तिला बऱ्याच दिवसांनी भेटली होती.

ह्या धंद्यात घरातल्या माणसांना नावं नसतात. सगळे बाळाच्या नात्याने. मी 'मामा' झालो आणि मामाच्या हातात थर्माकोलचा पांढरा तक्ता आला. खिडकीच्या समोरच्या बाजूने तो धरायचा, म्हणजे सावलीतला गाल उजळतो. मखराला थर्माकोल बंद झाल्यापासून एवढ्या भक्तिभावाने मी तो धरला नव्हता. "मामा, जरा वर. मामा, श्वास घ्या, पण हलू नका." बाळाचं डोकं खिडकीकडे. पाय खिडकीकडे आले तर उजेड हनुवटीखालून चढतो आणि नऊ दिवसांचं मूल भुताच्या सिनेमातलं दिसतं. हे त्यांनी एकदा दाखवलं. खरंच दिसलं.

नववा दिवस मुद्दाम धरलेला. पाचव्यापासून चौदाव्यापर्यंत बाळ गाढ झोपतं आणि पोटातल्यासारखं मुटकुळं करून राहतं. पुढे ते जागं होतं, ताणतं, मतं बनवतं. आईच्या हिशेबात मात्र सोयर फिटायचं होतं, बारसं व्हायचं होतं आणि सव्वा महिना बाळ उंबऱ्याबाहेर जाणार नव्हतं. म्हणूनच स्टुडिओ घरी आला. येताना हीटर घेऊन आला, कारण उघड्या बाळाला २७-२८ अंश लागतात. बाहेर पुणेकर कानटोप्या घालून फिरत होते आणि आम्ही स्वयंपाकघरात घाम पुसत होतो. झोप टिकावी म्हणून एकसुरी घरघर हवी असते. त्याचं ॲप ताईंकडे होतं, पण बाजूच्या ड्राय बाल्कनीतलं आमचं जुनं वॉशिंग मशीन त्यांना ॲपपेक्षा सरस वाटलं. ते पाऊण तास रिकामं फिरलं. वैरी एकच: शेजारच्या काकूंचा कुकर. प्रत्येक शिट्टीला बाळ दोन्ही हात फाकून दचकायचं आणि ताई तोंडातल्या तोंडात शिट्ट्या मोजायच्या. काकू तूरडाळीला पाच घेतात.

मग टोपली निघाली. ह्या टोपलीचं मूळ दूरवर आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या ॲन गेडीस यांनी बाळं कोबीच्या पानांत बसवली, कुंड्यांत बसवली. १९९६ साली त्यांचं 'डाऊन इन द गार्डन' आलं, कॅलेंडरं जगभर गेली आणि आपल्याकडच्या दवाखान्यांच्या भिंतींवर गोरी बाळं फुलांतून डोकावू लागली. त्याआधी आपला बाळफोटो एकच असे: मूल पालथं पडायला लागलं की स्टुडिओत, उघडं, मान वर, बाजूला खोटा टेलिफोन. तोवर नजर लागेल म्हणून कुणी कॅमेरा जवळ येऊ देत नसे. आईने टोपली पाहिली आणि म्हणाली, "डालग्यात कोंबडी ठेवतात."

बाळालाही तसंच वाटलं असावं. ताईंनी ताणलं जाणारं महागडं कापड अर्धा तास पुन्हापुन्हा गुंडाळलं, बाळाने तितक्याच वेळा पाय बाहेर काढला. शेवटी धार सोडून ते कापड ओलंही केलं. तेवढ्यात आंघोळीच्या मावशी आपले पैसे न्यायला डोकावल्या. त्यांनी काही विचारलं नाही. आजीच्या लुगड्याचं जुनं सुती दुपटं घेतलं, एक कोपरा मुडपला, दोन वेढे, एक खोच. दहा सेकंद. पोराने जांभई दिली आणि घोरायला लागलं. ताईंनी कॅमेरा खाली ठेवून आधी मावशींचा नंबर घेतला.

झोपलेल्या बाळाने दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकवून बसायचं, ही 'बेडूक पोझ'. नऊ दिवसांचं मूल असं बसूच शकत नाही. एका फोटोत मी वरून डोकं धरलं, दुसऱ्यात खालून मनगटं धरली. नंतर दोन फोटो जोडायचे आणि हात पुसायचे. मी पंधरा मिनिटं उकिडवा होतो, गुडघा अजून बोलतो.

पंधरा दिवसांनी ताई लॅपटॉप घेऊन आल्या. तेव्हा कळलं, फोटो काढणं हा धंद्याचा लहान भाग. नाकावरचे राजगिऱ्याएवढे पांढरे दाणे, घोट्याची सुटलेली सालं, जांभळट तळवे आणि काविळीचा उरलेला पिवळेपणा. सगळं एकेक करून गेलं होतं. "जे महिन्याभरात आपोआप जातं, ते मी काढते. जन्मखूण विचारल्याशिवाय काढत नाही."

"जरा गोरा करता येईल का हो?" ही आमची आत्या.

"कावीळ काढते, रंग काढत नाही," ताई म्हणाल्या. फीबद्दलचं माझं दुःख तिथे संपलं.

आईने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. आम्हाला वाटलं, डोळे भरून आले.

"तीट कुठे गेली?"

खोलीत शांतता. ताईंच्या कामाची सगळी कला एकही डाग न ठेवण्यात, आणि आईने सकाळी उठून कपाळाच्या डाव्या बाजूला डाग लावलेला, मूल बिनडागाचं दिसू नये म्हणून.

"आजी, पुसलेली नाही," ताई घाईने म्हणाल्या, "तिचा वेगळा लेअर केलाय. फक्त बंद ठेवलाय."

"मग चालू कर."

ताईंनी एक डोळ्याचं चित्र दाबलं. तीट परत आली. आईने मान वाकडी करून पाहिलं. "जरा मोठी कर."

मोठी झाली. आई उठून चहा ठेवायला गेली, साखर जास्त घालून. संधी साधून मी विचारलं, "ताई, आणि माझा हात? त्याचाही लेअर असेल ना?"

"तो नाही ठेवला, मामा," ताई म्हणाल्या. "फाइल फार जड होत होती."