मांजराच्या दातांची पद्धतशीर वाट कशी लावावी

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरला लोक जवळचा सहस्रकुंड धबधबा पाहायला येतात. मांजराचे दात पाहायला कोणी येत नाही. घरचेही पाहत नाहीत. या दातांचे वाटोळे निदान शास्त्रशुद्ध तरी व्हावे, म्हणून हे मार्गदर्शन.

पहिली पायरी : मांजराला माणूस समजावे. माणसाला 32 दात, मांजराला 30. दोन दातांसाठी वेगळा स्वयंपाक कोण करणार? दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर रोज वाढावी. मांजराच्या दाढा कात्रीसारख्या चालतात, जबडा आडवा फिरत नाही, लाळेत पिष्ट पचवणारे विकर नसते आणि मोठेपणी बहुतेकांना दूधही सोसत नाही. या किरकोळ तक्रारींकडे लक्ष देऊ नये. मांसातून मिळणारे टॉरिन भाकरीत नसते आणि त्यावाचून डोळे व हृदय बिघडतात. पण आपला विषय दातांचा.

दुसरी पायरी : कीड शोधावी. ती बहुधा सापडणार नाही, कारण माणसासारखी दातकीड मांजरांत क्वचितच होते. गोडाची तर मांजराला चवच कळत नाही. त्यामागचे निकामी जनुक फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये दाखवून दिले. कीड नाही म्हटल्यावर निर्धास्त व्हावे. खरा आजार हिरडीच्या कडेला चालू असतो. तिथे रोज जंतूंचा चिकट थर बसतो, लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांत त्याचे कीटण होते, हिरडी सुजते आणि दात हलू लागतो.

तिसरी पायरी : पाकिटातल्या कोरड्या दाण्यांना दंतमंजन मानावे. कुरुमकुरुम आवाज आला की दात घासले गेले! साधा दाणा दाताचे टोक लागताच फुटतो, हिरडीजवळचा थर जागेवरच राहतो. दातांसाठी मुद्दाम बनवलेले दाणे मोठे आणि तंतुमय असतात, दात त्यात रुततो. पण एवढा फरक करू नये.

चौथी पायरी : रविवारी मटणाच्या रश्श्यातले हाड द्यावे. शिजलेल्या हाडाच्या कपच्या टाळूत रुततात, दातही तुटतो. रश्श्यातला कांदा-लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतो, तो वरकड लाभ.

पाचवी पायरी : तोंडाला वास येतो, लाळ गळते, घास खाली पडतो, तरी “खातंय ना!” म्हणावे. मांजर दुखणे लपवते, त्यामुळे हे वाक्य बरेच दिवस पुरते.

सहावी पायरी नाही. माणसाची पॅरासिटामॉल गोळी मांजराला कधीच देऊ नका. थोडीशीही जीव घेऊ शकते.

हे वाटोळे नको असेल, तर मांस-मासळीवर आधारलेला पूर्ण आहार द्या. पिलू असल्यापासून मऊ ब्रशची सवय लावा, मांजरांसाठीचीच पेस्ट वापरा, माणसांची नको. वर्षातून एकदा पशुवैद्याला तोंड दाखवा. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि आजच मांजराचा ओठ हळूच वर करून बघा. दाताच्या बुडाशी लाल रेघ दिसली, तर भाकर-दुधाची वाटी बाजूला ठेवा आणि पशुवैद्य गाठा.