मॉकस्य कथा रम्या

कॅट ही आयआयएमची प्रवेश परीक्षा वर्षातून एकदाच होते, तीही नोव्हेंबरात, आणि 2 तासांत संपते. प्रत्येकी 40 मिनिटांचे 3 विभाग, की आटोपला कारभार. एवढ्या गंभीर परीक्षेला हे शोभत नाही. क्लासवाल्यांच्या मॉकने, म्हणजे सराव परीक्षेने, ही उणीव केव्हाच भरून काढली आहे. मॉक दर रविवारी असतो, त्याचे विश्लेषण बुधवारपर्यंत पुरते आणि गुरुवारपासून पुढच्या मॉकची धाकधूक सुरू होते. पर्सेंटाइल घसरलाच, तर दुसऱ्या क्लासची सिरीज विकत घ्यावी. तिथे तो वाढतो. (तिथले पेपर सोपे असतात असे म्हणणाऱ्यांना व्यवस्थापन कळत नाही.)

बरोबर उत्तराला 3 गुण, चुकीचा पर्याय निवडला तर उणे 1. म्हणजे काय सोडावे हे कळणे हीच खरी विद्या. आमच्या परिचयातल्या एका होतकरू तरुणाने आधी गणित सोडले, मग नोकरी.

आता आयआयएमनी मूळ परीक्षाच बंद करावी. प्रवेश, पदवी, प्लेसमेंट, सारे सरावापुरते द्यावे. शुल्क तेवढे खरे असावे; ते आताही आहेच. त्या तरुणाची याला हरकत नाही. हल्ली तो एका क्लासात मॉकचे पेपर काढतो.