काही झालं नाही, म्हणून फोन

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फोन वाजला.

"काय झालं रे?" आईनं विचारलं.

"काही नाही."

"मग फोन कशाला?"

"काही झालं नाही, म्हणूनच."

आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती इथे उतरवता येणार नाही, पण उत्तर शब्दशः खरं होतं. आमच्या सर्व्हरवर रोज रात्री एक स्क्रिप्ट चालते. आलेल्या फोल्डरातल्या सगळ्या सीएसव्ही फाइली दुसऱ्या फोल्डरात कॉपी करायच्या, एवढंच तिचं काम. त्या दिवशी फाइली पाठवणारे आपापल्या घरी चकल्या मोडत बसलेले, त्यामुळे फोल्डर रिकामं. कुणीही शहाणा 'आज काही नाही' म्हणून झोपला असता. स्क्रिप्टनं मात्र बोंब ठोकली, की 'स्टार डॉट सीएसव्ही' नावाची फाइल सापडत नाही!

आता अशा नावाची फाइल आमच्या सात पिढ्यांत कुणी केलेली नाही. भानगड अशी, की स्टार म्हणजे 'काहीही', आणि युनिक्समध्ये त्या स्टारचा उलगडा करणं हे शेलचं, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम. कॉपी करणाऱ्या सीपीच्या हातात नावांची आयती यादी पडते. पण एकही नाव जुळलं नाही, तर आमचं बॅश नावाचं शेल तो स्टार जसाच्या तसा पुढे ढकलतं. म्हणजे, पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' लिहिलेलं, निमंत्रण द्यायला गेलेल्याला दाराला कुलूप दिसलं, तर त्यानं शेजाऱ्यांची बेल वाजवून विचारावं, "हे श्री. सहपरिवार कुठे गेलेत?" आणि शेजारी "असं इथे कुणी राहत नाही" म्हणाले, की रात्री दोनला यजमानांना फोन लावावा.

ही खोड बॅशची स्वतःची नाही, वारशानं आलेली आहे. अगदी सुरुवातीच्या युनिक्समध्ये ग्लॉब नावाचा वेगळा प्रोग्रॅम हा उलगडा करी, आणि काही जुळलं नाही तर 'नो मॅच' म्हणून थांबे. 1979च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचं शेल आलं आणि स्टार तसाच पुढे जाऊ लागला. झेडशेल आजही काही जुळलं नाही तर तिथल्या तिथे अडवतं. मला तेच सभ्य वाटतं.

कधी तर श्री. सहपरिवार खरोखरच जन्माला येतात. रिकाम्या फोल्डरात कुणी 'टच स्टार डॉट लॉग' म्हटलं, की नावातच स्टार असलेली फाइल तयार होते. मग ती पुसायला कुणी अवतरणचिन्हं न घालता तेच नाव आरएमला दिलं, की तोवर तिथे जमलेल्या साऱ्या लॉग फाइलीही तिच्याबरोबर स्वर्गवासी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात उपाय सुचवणाऱ्यांची वाण नव्हती. एक जण म्हणाला, बॅशची नलग्लॉब ही सोय चालू करा. काही जुळलं नाही तर स्टार गायबच होतो. झाला गायब. आता सीपीच्या हाती फक्त 'कुठे न्यायचं' तेवढं उरलं, आणि त्यावर त्याची तक्रार काय, तर कुठे न्यायचं ते सांगितलंच नाही! एलएसचं तर आणखी छान. सीएसव्ही दाखव म्हणावं, त्या नाहीत म्हटल्यावर ते उभं असलेलं अख्खं फोल्डर वाचून दाखवतं.

रिकामेपणाशी वाकडं सगळ्यांचंच आहे. विंडोजच्या एक्सकॉपीला 'एस' सांगितलं तर पोटातली फोल्डरं येतात, पण रिकामी सोडून. ती हवी असतील तर 'ई' म्हणावं लागतं. गिट रिकामं फोल्डर नोंदतच नाही, म्हणून लोक त्यात 'डॉट गिटकीप' नावाची फाइल टाकतात. या नावाला गिटच्या लेखी काडीचाही अर्थ नाही. आणि रिकामं दिसणारं फोल्डर रिकामं असतंच असंही नाही. टिंबानं सुरू होणारी नावं स्टारला एरवी दिसत नाहीत, त्यामुळे नव्या सर्व्हरवर गेलेल्या वेबसाइटची 'डॉट एचटीॲक्सेस' फाइल जुन्या घरीच राहते.

शेवटी आमच्यातल्या सर्वात अनुभवी गृहस्थांनी उपाय काढला, की साऱ्या एरर डेव्ह-नलमध्ये ढकलून द्या. शांतता लाभते खरी. उद्या डिस्क भरून एकही फाइल गेली नाही, तरी तीच शांतता लाभेल.

खरा उपाय दोन ओळींचा आहे. फाइली एकेक करून घ्यायच्या आणि कॉपी करण्याआधी ती फाइल खरोखर आहे का ते बघायचं. नसेल तर पुढे जायचं. पण त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि ती कुठलंच शेल ठरवू शकत नाही. दिवाळीला फोल्डर रिकामं असणं ठीक; साध्या मंगळवारी ते रिकामं असेल, तर कदाचित पाठवणाऱ्याकडेच काही मोडलंय आणि फोन यायलाच हवा. तेव्हा स्क्रिप्ट लिहिण्याआधी ज्यांच्या फाइली आहेत त्यांना एवढं विचारा, की रिकामं चालेल का आणि कोणत्या दिवशी. मिळालेलं उत्तर स्क्रिप्टच्या अगदी वर, पहिल्या ओळीखाली, लिहून ठेवा.