पैसे मोजून लाकूड कातायला गेला म्हणे!

ऐकलंत का? नसेल ऐकलं, तर पवनारच्या पुलापाशी चहाला थांबत नाही तुम्ही. आमच्या शेजारच्या काकूंचा धाकटा, तोच तो अमेरिकेतला, त्यानं आठवड्याची सुट्टी काढली. तीर्थाला गेला नाही, समुद्रावर गेला नाही, सासुरवाडीलाही नाही. डोंगरात गेला, लेथवर लाकूड कातायला! बरं, मजुरी मिळाली म्हणाल तर तेही नाही. उलट यानंच फी भरली. राहण्याजेवण्याचे पैसे वेगळे.

काकू अजून सावरल्या नाहीत. ‘काहून बाप्पा? तिथचे सुतार मेले काय सारे?’

तर ही शाळा आहे उत्तर कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात, ब्रासटाउन नावाच्या खेड्यात. जॉन सी. कॅम्पबेल फोक स्कूल. डेन्मार्कमधल्या लोकशाळा बघून आलेल्या ऑलिव्ह डेम कॅम्पबेल या बाईंनी १९२५ साली मार्गरीट बटलर यांना सोबत घेऊन ती काढली आणि दिवंगत नवऱ्याचं नाव दिलं. परीक्षा नाही, गुण नाहीत, पहिला नंबर नाही. सकाळी नाश्त्याआधी जमून गाणी म्हणायची आणि मग दिवसभर हातानं काम करायचं.

आळीतल्या आजोबांनी हे ऐकून चष्मा काढला. ‘मंग हा आश्रमच झाला ना! त्याच्यासाठी विमान कायले पाहिजे?’

आजोबांचं तरी काय चुकलं? विनोबा १९३८ साली पवनारला आले ते तब्येत पार खालावलेली घेऊन, आणि धाम नदीकाठी शेत खणता खणता धडधाकट झाले. त्याच खणण्यात भरत-रामाच्या भेटीचं शिल्प निघालं. पुढे १९५०च्या सुमारास पैसा आणि बैल दोन्ही सोडून शेती करायचा प्रयोग झाला, तेव्हा विहिरीवरचा रहाट माणसांनी फिरवला. फी कुणी मागितली नाही. मागितली असती तर कदाचित गर्दी झाली असती.

पण खरा गहजब पुढेच आहे. तिकडे लाकडाच्या कोणत्या तुकड्याला भाव, विचारा! झाडाच्या अंगावर आवाळूसारखी गाठ येते ना, ती. आपल्याकडे ती कुऱ्हाडीला दाद देत नाही म्हणून लोक शिव्या घालतात. तिथे तिच्या आतल्या भोवऱ्या-भोवऱ्यांच्या नक्षीसाठी माणसं जपून ठेवतात. त्याहून कहर म्हणजे कुजायला लागलेलं लाकूड. बुरशीनं आत काळ्या रेघा ओढल्या की त्याची किंमत वाढते! आमच्या घरी असलं लाकूड सरळ चुलीत जातं. वाडग्याच्या काठावर झाडाची साल तशीच राहू देतात, आणि ती टिकली तर कारागिराची वाहवा. पोकळ भांडी इतक्या अरुंद तोंडाची करतात की आत बोट जात नाही. ‘मंग त्यात वरण वाढाचं कसं?’ काकूंनी विचारलं. वरण वाढायचंच नसतं, काकू. बघायचं असतं.

धीर बघा यांचा. ओल्या लाकडाचा वाडगा आधी जाडजूड कातून ठेवायचा. बाजूची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी. मग तो महिनोन्‌महिने वाळतो, आक्रसतो, वाकडा होतो. त्यानंतर पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा. आठवड्याच्या सुट्टीत एवढं कुठून उरकणार? म्हणून धाकट्यानं अर्धा वाडगा घरी आणलाय. सून म्हणते, तो कपाटावर वाळतोय आणि त्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही.

आता म्हणाल, आपल्याकडे काय नव्हतं? सावंतवाडीला फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घासल्याच्या उष्णतेनं लाख वितळून रंग बसतो. तिथल्या राजवाड्यात सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफा आणि हे लाखकाम पुन्हा उभं केलं. आंबोलीचा घाटही शेजारीच आहे. डोंगर आणि कला दोन्ही हवं असेल तर वर्ध्याहून रेल्वेनं जाता येतं. पण सावंतवाडीला जाऊन आलं की शेजारी दारात येऊन विचारत नाहीत ना!

आणि तान्हा पोळा? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यातली पोरं चाकांचा लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा मागतात. ती गोल चाकं काय आभाळातून पडतात? मागच्या पोळ्याला काकू नातवासाठी बैल घ्यायला वर्ध्याच्या बाजारात गेल्या होत्या, मी सोबत होतो. धाकट्याच्या वाडग्याचा फोटो त्यांनी दुकानदाराला आधी दाखवला, कौतुकानं. मग बैलाची किंमत ऐकली आणि म्हणाल्या, ‘एवढे? चार चाकं तं लावली हायेत फक्त.’ दुकानदारानं फोटो पुन्हा मागून घेतला, मोठा करून पाहिला आणि विचारलं, ‘काकू, याचे किती घेतले त्यानं?’ काकूंनी मोबाईल पिशवीत टाकला. घासाघीस मात्र चालूच राहिली. दहा रुपये सुटले.

परवाची ताजी बातमी अशी, की धाकटा पुढच्या वर्षी त्याच डोंगरात लोहारकाम शिकणार आहे. तेही तिथे शिकवतात. सुनेनं फोनवर काकूंना सांगितलं, ‘आई, यांना म्हणा, ऐरणीपाशी जायच्या आधी स्वयंपाकघरातला नळ बघा. दिवाळीपासून गळतोय.’ काकू म्हणतात, नळ शिकवायचीही कुठे डोंगरात शाळा असेल तर त्याचे पैसे त्या स्वतः भरतील.